पाच मिनिटं कूलर बंद

कूलरमध्ये नवं गवत भरलं की पहिले दोन दिवस घराला ओल्या लाकडाचा वास येतो. आज सकाळपासून आमच्या गल्लीत तेच चाललंय. लोखंडी पेट्या माळ्यावरून उतरल्यात, कुणी त्या रस्त्यातच पाइप लावून धुतंय, कुणाची मोटर गुरगुरते पण पंखा हलत नाही, आणि मोटर गुंडाळणाऱ्याच्या नावानं शिव्या चालल्यात. सक्करदऱ्याच्या मागच्या बाजूच्या आमच्या वस्तीत उन्हाळा असा खडखडत येतो. लोकांना या वासानं गारवा आठवतो. मला या वासानं बसल्या जागी बसवत नाही. हात फोनकडे जातो, आणि तो एक अख्खा उन्हाळा अंगावर येतो, ज्यात मी माणसांशी बोलायचं सोडून एका काळ्या काचेशी बोलायला शिकत होते.

त्याआधी मी पत्रकं लिहायचे. पाणी, घरांच्या जागेचे पट्टे, शिष्यवृत्ती, जे पेटेल त्यावर. लिहायला शिकवलं दौलतकाकांनी. दौलतकाका म्हणजे आमच्या विहाराच्या कमिटीचे अध्यक्ष, रिटायर्ड कारकून, खिशात कायम दोन पेनं. त्यांचा नियम एकच: पहिली ओळ आरोळी, शेवटची ओळ विनंती, आणि मधे कुठेही 'मी' नाही. "पत्रकात मी नसते वं प्रज्ञा, आम्ही असते," ते म्हणायचे. इतवारीतल्या एका बोळात छापखाना होता. बाहेर हातगाड्यांची रेटारेटी, आत मशीनचा ठोका, आणि कोमट कागदाचा गठ्ठा मांडीवर घेऊन स्कूटीवर परत येताना वाटायचं, उद्या सकाळी हे शहर जागं होणार. उद्या सकाळी काय व्हायचं, तर आमच्याच आरोळीच्या पुडीत कुणीतरी फुटाणे बांधून द्यायचं. मी ते फुटाणे खात खात आरोळी वाचायचे. छान लिहिलेली असायची.

तर त्या उन्हाळ्याचं भांडण विहाराला लागून असलेल्या हॉलचं होतं. छप्पन साली धम्म घेतलेल्या आमच्या आजोबांच्या पिढीनं आधी विहार बांधला, मग स्वतःची घरं पक्की केली. हॉल त्यांच्या पोरांनी बांधला. वर्षभर तिथे वस्तीतल्या मुली अभ्यासाला बसायच्या. कारण घरात बसता येत नाही. हे ज्यांच्या घरात बसता येतं त्यांना समजावून सांगावं लागतं, आणि सांगताना मला राग येतो. पायलचं घर घ्या. पायल माझी शेजारीण, तलाठी भरतीची तयारी करायची. एक खोली, पाच माणसं, एक टीव्ही, एक आजारी आजी. पुस्तक उघडलं की कुणाच्या तरी पायात यायचं. तिच्या वाट्याला शांतता म्हणून जी काही होती, ती त्या हॉलमधल्या एका सतरंजीवर होती.

आणि मार्च सरताना काकांनी हॉलला कुलूप लावलं. लग्नसराई. आता पावसाळ्यापर्यंत हॉल लग्नांना. भिंतीवर शिकण्याचा संदेश निळ्या रंगात, एकेक अक्षर हातभर, आणि त्याच भिंतीला टेकून केटररच्या कढया. मी विचारलं, काका, परीक्षा मे महिन्यात आहे, पावसाळ्यात नाही. ते म्हणाले, मीटिंगमध्ये पाहू. मीटिंग कधी? लग्नसराई झाल्यावर!

मी पत्रक लिहिलं. आरोळी, विनंती, सगळं जिथल्या तिथे. घरोघरी टाकलं. दुसऱ्या दिवशी एका दारात ते कूलरच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली घडी करून सारलेलं दिसलं. कूलर मात्र हलायचा थांबला होता.

तेव्हा पायल म्हणाली, "तू व्हिडिओ काहून नाही काढत? कागद कोण वाचते आता?"

सोपं वाटलं. फोन आहे, तोंड आहे, राग तर पोत्यानं आहे. मी इतरांचे व्हिडिओ पाहिले. सगळे सांगत होते की पहिल्या दोन-तीन वाक्यांत माणूस पकडा, चेहऱ्यावर उजेड पाहिजे, मागे झाड किंवा पुस्तकं ठेवा. नागपुरात मे महिन्यात उजेडाची कमतरता कुणालाच नसते. मी खिडकीसमोर बसले, पुस्तकं रचली, केस विंचरले, दुपारच्या वेळी बोलायला सुरुवात केली आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. मग ऐकलं. नुसतं घर्रर्र. माझे ओठ हलतायत आणि वावटळ बोलतेय.

कूलर! जन्मापासून त्या आवाजात वाढलेली मी, तो आवाज मला ऐकूच येत नव्हता. आमचा बंद केला तर शेजारचा. शेजारच्यांना हातापाया पडून बंद करायला लावला तर मागच्या घराचा. आमच्याकडे भिंती सामायिक आहेत, कूलरही आवाजानं सामायिकच. गच्चीवर गेले, तर लूचा तापलेला वारा फोनमध्ये शिरला, आणि कुरडया वाळत होत्या त्या चादरीवर फोन ठेवला तर तो तापून स्वतःच बंद पडला. न्हाणीत उभी राहून बोलले. बाहेरून आई ओरडली, "काय वं, अंदर कोणासंग भांडून राहिली?" शेवटी कुठेतरी ऐकलं होतं की अंगावर गोधडी घेतली की आवाज स्वच्छ येतो. घेतली. मे महिन्यात, भर दुपारी, डोक्यावरून गोधडी. आवाज खरंच स्वच्छ आला. चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा आला. तोच व्हिडिओ मी टाकला, कारण आणखी एकदा गोधडीत शिरायची ताकद नव्हती. त्याखाली पहिली प्रतिक्रिया आली, ताई, तब्येत बरी आहे ना?

दुसरी प्रतिक्रिया माझ्या नाकाबद्दल होती. ती मी इथे लिहीत नाही, पण पाठ आहे.

पत्रकाला नाक नसतं. हे मला तेव्हा कळलं. पत्रक टाकून तुम्ही निघून जाता, ते वाचणारा तुम्हाला पाहत नाही, तुम्ही त्याला पाहत नाही, आणि दोघंही सुखी असता. इथे मी स्वतःला पाहत होते. बोलताना माझी एक भुवई वर जाते. संतापले की मी खालचा ओठ चावते. 'अन्याय' म्हणताना माझी मान अशी हलते की जणू तो अन्याय मीच मंजूर करतेय. मी दिवसातून कितीदा तरी तोच व्हिडिओ उघडायचे, किती लोकांनी पाहिला ते बघायला, आणि पाहणाऱ्यांतली निम्मी मीच असायचे. झोप उडाली. तर्री पोहे गोड लागेनात. रिक्षात, रांगेत, कुठेही असले तरी डोक्यात वाक्यं जुळत राहायची, आणि फोन समोर धरला की सगळी वाक्यं इस्त्री करून उभी राहायची.

पायलनं एक व्हिडिओ पाहिला आणि फोन खाली ठेवला. "तू 'तमाम बंधू-भगिनींनो' म्हणते ना, तवा मले वाटते माह्या मांगं अजून कोणी उभं हाये. मी मान वळवून पाहिलं बी."

"मग काय म्हणू?"

"मले सांग ना सरळ. मी हावो ना इथं."

मला राग आला, कारण ती बरोबर होती आणि परीक्षेला दिवस थोडे होते, आणि अभ्यास सोडून ती माझा फोन धरून बसत होती. हॉलला कुलूप तसंच. रोज संध्याकाळी तिथून बँडचा आवाज, तळणाचा वास, आणि ती दारात बसून कानांवर हात ठेवून पुस्तक वाचायची. गुडघ्यावर पुस्तक, कानांवर हात, पान उलटायला तिसरा हात कुठून आणायचा? ती पान नाकानं उलटायची. मी स्वतः पाहिलंय.

म्हणून एका दुपारी ठरवलं. व्हिडिओ हॉलच्या समोर, कुलपाच्या समोर काढायचा, आणि आवाज स्वच्छ पाहिजे. म्हणजे काय? म्हणजे गल्लीतले सगळे कूलर पाच मिनिटं बंद.

नागपूरबाहेरच्या माणसाला ही मागणी किती उद्धट आहे हे कळणार नाही. दुपारी आमच्याकडे दार वाजवणं हाच गुन्हा असतो. लोक ओल्या फरशीवर पालथे पडलेले, खिडक्यांना चादरी, माठाजवळ पन्ह्याचा ग्लास, आणि जीव त्या एका लोखंडी पेटीच्या तोंडात. मी तोंडाला दुपट्टा गुंडाळून पहिलं दार वाजवलं.

"पाच मिनिटं कूलर बंद करता का?"

"काहून? काय झालं?"

"व्हिडिओ काढायचाय."

"कायचा?"

आणि मला सांगावं लागलं. दारात उभं राहून, घाम पुसत, पत्रकाची आरोळी विसरून. पायलची परीक्षा, हॉलचं कुलूप, पोरींनी बसायचं कुठे. प्रत्येक दारात 'काहून' आलं आणि प्रत्येक दारात मी पुन्हा सांगितलं, आणि सांगता सांगता वाक्यं लहान होत गेली. वर्षानुवर्षं मी या दारांखालून कागद सरकवले होते. एकाही दारानं मला 'काहून' विचारलं नव्हतं.

सगळ्यात अवघड दार शेखरभाऊंचं. ते कळमेश्वरला कंपनीत रात्रपाळीला जायचे आणि दिवसा झोपायचे. लुंगी सावरत दार उघडलं. "अवो बाई, आत्ताच डोळा लागला होता. तुले माह्याच कूलर दिसला का?"

"सगळेच बंद करतायत, भाऊ."

"सगळेच मरून राहिले तं मी बी मरू?"

पण त्यांनी बटण दाबलं. जोरात दाबलं.

आणि मग एकेक करून कूलर थांबत गेले. मी गल्लीच्या मधोमध उभी होते. आधी एक घरघर गेली, मग तिच्या मागची, मग मागचीच्या मागची, आणि शेवटी असा एक निवांतपणा उघडा पडला की मला कडुनिंबाचं पान पत्र्यावर पडल्याचं ऐकू आलं. कुठेतरी एक बाळ रडत होतं. कुठेतरी नळ ठिबकत होता. जन्मभर या गल्लीत राहिले, पण मे महिन्यातली गल्ली मी पहिल्यांदा ऐकली.

मी पायलच्या हातात फोन दिला, कुलपासमोर उभी राहिले, घसा खाकरला. आणि लोक बाहेर यायला लागले.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पत्र्याच्या घरात कूलर बंद केला की आत माणूस कसा बसेल? भट्टीच ती. कुणी हातपंखा घेऊन आलं, कुणी ओला टॉवेल डोक्यावर, कुणी पोर कडेवर. सगळे हॉलसमोरच्या कडुनिंबाखाली, कारण सावली तिथेच. आजवर माझ्या एकाही सभेला एवढी माणसं आली नव्हती.

मी तोंड उघडलं. "मी प्रज्ञा..."

"थांब वं," मागून आवाज आला. वनितामावशी. तिच्या पोरीचं लग्न तोंडावर होतं, याच हॉलमध्ये. "तुह्यं भाषण मंग. आधी हे सांग, माह्या पोरीचं लग्न मी रस्त्यावर लावू का? लॉन करायची ऐपत हाये का माही? या उन्हात वऱ्हाड कुठं बसवू?"

मी खालचा ओठ चावला. माझ्या पत्रकांत समोरच्या बाजूला नेहमी प्रशासन असायचं. वनितामावशी कधी नसायची.

पायल पुढे आली. फोन माझ्या हातात कोंबला आणि म्हणाली, "मावशी, मी तुह्या पोरीच्या लग्नात नाचीन. खरंच नाचीन. पण मले सांग, लग्न किती वाजता हाये?"

"संध्याकाळी."

"मंग सकाळपासून कुलूप काहून?"

मावशीनं आजूबाजूला पाहिलं. ते तिलाही माहीत नव्हतं. तेवढ्यात डोक्यावर ओला रुमाल घेऊन दौलतकाका आले. पार कोपऱ्यावरच्या घरातून आले होते. "काय गा, लाइन गेली काय सगळ्यायची? माह्या घरी तं हाये."

सगळे हसले. काका बावरले. आणि तेवढ्या हसण्यात वनितामावशीनं त्यांना धरलं. "अध्यक्षसाहेब, संध्याकाळच्या लग्नाले सकाळपासून कुलूप काहून?"

"डेकोरेशनवाला सकाळीच ताबा मांगते."

"त्याले दुपारपर्यंत झोपू द्या," शेखरभाऊ म्हणाले. "मले तं कोणी झोपू देत नाही."

"आणि ज्या दिवशी लग्न नाही त्या दिवशी?" पायल.

"त्या दिवशी सामान असते आतमधी."

"सामान आमच्या ओट्यावर ठेवा ना," मावशी म्हणाली. "लग्न माह्या घरचं हाये, कढया बी माह्या घरच्या समजा. दुपारी तीनपर्यंत बसू द्या पोरींले. मंग घ्या ताबा."

काकांनी रुमाल काढला, पिळला, पुन्हा डोक्यावर ठेवला. "ठीक हाये. मीटिंगमध्ये..."

"हे काय, मीटिंगच तं हाये," कुणीतरी म्हणालं. कोण, ते व्हिडिओत दिसत नाही.

"बरं, पण उघडन कोण? मी काही रोज सकाळी सहाले येत नाही कुलूप उघडाले."

पायलनं हात पुढे केला. नुसता हात. "किल्ली द्या."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे नव्हे, फोनकडे. "हे चालू हाये काय?"

"चालू आहे, काका."

किल्ली एका घट्ट कडीत होती. त्यांनी नखानं ती कडी फाकवली, निसटली, पुन्हा फाकवली. कुणी मदतीला गेलं नाही. कपाळावरून घाम हनुवटीपर्यंत उतरला तरी त्यांनी पुसला नाही. मग ती किल्ली पायलच्या तळहातावर पडली आणि तिनं मूठ मिटली, आणि शेखरभाऊ म्हणाले, "झालं का? लावू का कूलर?"

त्या व्हिडिओत माझं वाक्य एकच आहे. म्हणजे दोन. 'मी प्रज्ञा' आणि 'चालू आहे, काका'.

संध्याकाळी काका घरी आले. चहा घेतला. आईशी उन्हाबद्दल बोलले. मग मला म्हणाले, "काम झालं ना? मंग ते टाकू नको. मी रुमाल घालून, घामानं भिजलो, बरं नाही दिसत." मला वाईट वाटलं. या माणसानं मला लिहायला शिकवलं. पण शब्दाला साक्षीदार नसला की लग्नसराईत त्याचं काय होतं हेही मला त्यांनीच शिकवलं होतं. ते गेल्यावर मी पायलला विचारलं. ती म्हणाली, "टाक. किल्ली माह्याजवळ हाये, पण देली कोणी हे मले उद्या सिद्ध करा लागन."

मी टाकला. जसाच्या तसा. मधे माझं भाषण घुसवायचा मोह झाला, ते भाषण गोधडीत शिरून रेकॉर्डही केलं, आणि मग पुसलं. काही दिवस काका 'जय भीम'ला नुसती मान हलवायचे. मी रस्ता बदलायचे नाही. पण चाल वाढवायचे.

आणि एक दिवस वर्ध्याच्या मावसबहिणीचा निरोप आला. तिनं मलाच माझा व्हिडिओ पाठवला होता. कुणाकडून आला? काकांकडून! त्यांनी तो सगळ्या नातेवाइकांत, रिटायर्ड मंडळींत, सकाळी फिरायला जाणाऱ्यांत पाठवला होता. वर एक ओळ, पहिल्या ओळीला आरोळी: 'आमच्या कमिटीचा ऐतिहासिक निर्णय! विद्यार्थिनींच्या हाती किल्ली!' कुलूप लावणारा माणूस माझ्याच व्हिडिओत नायक होऊन बसला होता. चांगलं चार परिच्छेदांचं उत्तर लिहिलं. मग खिडकीतून पाहिलं, तर सकाळचे सहा वाजत होते आणि पायल हॉलकडे चालली होती. ते उत्तर अजून फोनमध्ये आहे. पाठवलेलं नाही, पुसलेलंही नाही. याच्यावर माझं अजून काही ठरत नाही.

माझं चॅनल आता बऱ्यापैकी चालतं. लोक मला ओळखतात, नाकासकट. मी अजून 'तमाम' म्हणते, कधीकधी. पायलचं त्या वर्षी झालं नाही. पुढच्या वर्षी थोडक्यात गेलं. ती अजून बसते. लोक मला विचारतात, त्या किल्लीचं पुढे काय झालं, त्या मुलीचं पुढे काय झालं, दाखवा ना. लोकांना शेवट पाहिजे असतो. मलाही पाहिजे असतो, मी का खोटं बोलू.

म्हणून आज, हे कूलर उतरताना पाहून, मी फोन घेऊन हॉलवर गेले. दार अर्धं उघडं. आत सतरंजीवर रांगेनं मुली, पुस्तकात मान घातलेल्या, वर पंखे. किती सुंदर दृश्य होतं! मी फोन वर केला. दाराजवळ बसलेल्या एका मुलीनं, जिला मी ओळखतही नाही, ओठांवर बोट ठेवलं आणि उठून बाहेर आली.

"ताई, अंदर शूटिंग नाही."

"दोनच मिनिटं गं. मी प्रज्ञा. याच हॉलसाठी आपण..."

"माहीत हाये. पण दोन मिनिटं बी नाही. परवा पेपर हाये आमचा."

जिभेवर बरंच काही आलं होतं. मी तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. दुसऱ्या रांगेत, भिंतीशी, पायल होती. ओठ हलत होते, काहीतरी पाठ करत होती. माझा आवाज तिनं ऐकलाच असणार.

तिनं मान वर केली नाही. दोन्ही हात मोकळे होते, आणि एका हातानं तिनं पान उलटलं.